झाकलेला डबा

गेल्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत आमच्या वस्तीतील बुद्ध विहारात महिला मंडळाने पाककला स्पर्धा ठेवली होती. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळच वेळ असतो, अशी सर्वांची समजूत असल्याने परीक्षकाच्या खुर्चीवर मला बसवण्यात आले. टेबलावर चौदा पदार्थ मांडलेले होते. पनीरचे तीन प्रकार, मंचुरियन, ढोकळा, पास्ता, केक, पुरणपोळी. सजावट अशी की हात लावायला जीव होऊ नये. टेबलाच्या अगदी कडेला स्टीलचा एक डबा होता. त्याचे झाकण लावलेलेच होते. डब्यामागे सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पदर सावरून बसल्या होत्या.

“आजी, झाकण उघडा की,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या दादा. सुनेनं नाव घातलं म्हून आले. गरिबाचं खाणं हाय ते. हुलग्याचे शेंगुळे हायती.”

मी झाकण उघडले. शेंगोळे गार झाले होते, रस्सा आळला होता, पण लसणाचा वास तसाच होता. एक तुकडा तोंडात घातला आणि माझ्या आईची आठवण झाली. तरीही मी काय केले? मंडळाने दिलेल्या कागदावर तीन रकाने होते : चव, सजावट आणि नावीन्य. प्रत्येकाला दहा गुण. आजींना चवीचे नऊ दिले, सजावटीचे दोन आणि नावीन्याचा एक. तीसपैकी बारा. त्या शेवटच्या आल्या. पहिले बक्षीस पनीरच्या भाजीला गेले. टाळ्या वाजल्या, आजींनी डबा पिशवीत घातला आणि त्या घरी गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नावीन्याला एक गुण देणारा मी कोण? टेबलावरचे बाकी सगळे पदार्थ टीव्हीवर पाहून किंवा पुस्तकात वाचून केलेले होते. कुठेही न पाहता, कुठेही न वाचता, केवळ आईच्या हाताकडे बघून शिकलेला पदार्थ तो एकच होता. आणि तोच झाकून ठेवावा लागला. बौद्ध विहारात, आपल्याच माणसांत, आपलाच डबा झाकून ठेवावा असे त्या माउलीला का वाटले? हा प्रश्न फक्त स्वयंपाकाचा नाही.

आजींना दोष देण्याआधी मला माझाच हिशेब द्यावा लागेल. नोकरीला लागलो तेव्हा आई माझ्याबरोबर शहरात राहायला आली होती. दुपारी आम्ही सात-आठ जण टेबलाभोवती बसून डबे उघडायचो. एकदा आईने भाकरी आणि सुकटाची चटणी दिली होती. डबा उघडताच शेजारच्या माणसाने काही न बोलता आपली खुर्ची थोडी सरकवली. त्याने शिवी दिली नाही, जात विचारली नाही. फक्त खुर्ची सरकवली. दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितले, “उद्यापासून पोळी आणि बटाट्याची भाजीच देत जा. डॉक्टरांनी सांगितलंय.” आई माझ्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली. पुन्हा तिने कधी विचारले नाही आणि पुढची अनेक वर्षे मी बटाट्याची भाजी खात राहिलो. खुर्ची सरकवणारा माणूस बदली होऊन निघून गेला, पण त्याची लाज मी घरी घेऊन आलो होतो.

बंधू-भगिनींनो, इथे एक गोंधळ आपण नीट समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत आपल्या बापजाद्यांना काही गोष्टी सोडायला सांगितल्या. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे-शिळे मागून आणू नका. हे त्यांनी का सांगितले? ते अन्न गुलामीच्या मोबदल्यात मिळत होते म्हणून. गावाने ढोर ओढायला लावायचे, येसकराने दारोदार भाकर मागायची आणि त्यालाच हक्क म्हणायचे! ती साखळी तोडल्याशिवाय माणूसपण मिळणार नव्हते. आपल्या आजा-आजीने ती तोडली. दोरीवर वाळणाऱ्या चान्या गेल्या, मागून आणलेल्या तुकड्यांची टोपली गेली. काही ठिकाणी त्यासाठी उपास काढावे लागले, गावाचा बहिष्कार सोसावा लागला. जगाच्या इतिहासात पोट उपाशी ठेवून स्वाभिमान मिळवल्याची अशी उदाहरणे थोडी असतील. त्या त्यागापुढे आपण सदैव नतमस्तक राहिले पाहिजे.

पण बाबासाहेबांनी हुलगे सोडायला सांगितले होते का? बांधावरची तरोट्याची भाजी सोडायला सांगितली होती का? आठवडी बाजारातून स्वतःच्या मजुरीच्या पैशाने आणलेले सुकट आणि वजडी टाकून द्या, असे ते कुठे म्हणाले? त्यांनी गुलामीचे अन्न सोडायला सांगितले. आपण मात्र त्याबरोबर कष्टाचे अन्नही टाकून दिले. पहिल्या सोडण्यात स्वाभिमान होता, दुसऱ्यात परक्याची लाज आहे. या दोन गोष्टी एक नाहीत, हे आपल्या घरातल्या मुलामुलींना आपण सांगितले पाहिजे.

म्हणून आज या सदरात मी आमच्या मराठवाड्यातल्या घरच्या चार कृती देतो आहे. वैचारिक सदरात पाककृती कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी आधी करून खाव्यात, मग विचारावे.

पहिली कृती अर्थातच शेंगोळ्यांची. हुलगा, म्हणजे कुळीथ, हलक्या जमिनीत, कमी पावसात येणारे कडधान्य. ज्यांच्या वाट्याला माळरानच आले त्यांचे हे पीक. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ घालावे. सात-आठ लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे आणि चवीपुरते मीठ एकत्र वाटून त्यात घालावे. तिखट, हळद घालून थोड्या पाण्यात घट्ट मळावे. हाताला तेलाचे बोट लावून बोटाएवढ्या लांब वळ्या कराव्यात आणि टोके जोडून कडी करावी. पातेल्यात तेल तापवून भरपूर लसणाची फोडणी द्यावी, तिखट घालून पाच-सहा वाट्या पाणी ओतावे. पाण्याला खळखळून उकळी आली की शेंगोळे एकेक करून सोडावेत. सगळे एकदम टाकले तर लगदा होतो. पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावेत. मळलेले थोडे पीठ पाण्यात कालवून शेवटी ओतले की रस्सा दाट होतो. यात भाकरी आणि कालवण एकाच भांड्यात होते. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला रात्री दोन वेळा चूल घालायची ताकद नसते, हे ज्याला कळले तोच असा पदार्थ शोधू शकतो. आज शहरी लोक ज्याला ‘वन पॉट मील’ म्हणून मिरवतात, ते आमच्या आयांनी कधीच केले होते.

दुसरी अंबाडीची भाजी. एक जुडी अंबाडीची पाने धुऊन, चिरून उकडावीत आणि वरचे आंबट पाणी पिळून काढावे. मूठभर तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या वेगळ्या मऊ शिजवून त्यात पाने घालून घोटावीत. हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ आणि थोडे पाणी घालून एक वाफ आणावी. खरी गंमत पुढे आहे. ताटात भाजी वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात कडकडीत तेलात लाल केलेला ठेचलेला लसूण ओतायचा. आमच्या घरी ते तेल एका पळीचे असायचे आणि खाणारी तोंडे सात. आई पळी प्रत्येकाच्या ताटावरून अशी फिरवायची की प्रत्येकाला वाटावे, आपल्यालाच जास्त मिळाले.

तिसरी तरोट्याची. कोकणात हिला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला, पडीक रानात ही आपोआप उगवते. कोणाची परवानगी लागत नाही, कोणाच्या विहिरीचे पाणी लागत नाही. कोवळी पानेच खुडावीत, जून झाली की कडवट लागतात. पाने दोन-तीन पाण्यांनी धुऊन बारीक चिरावीत. तेलात कांदा, लसूण आणि हिरवी मिरची परतून तासभर भिजवलेली मूगडाळ घालावी. डाळ अर्धी शिजली की भाजी घालून, मीठ टाकून, पाणी आटेपर्यंत शिजवावी. आषाढात हाताला काम नसायचे, घरात दाणा नसायचा, तेव्हा या भाजीने आमची पिढी जगवली. ज्या भाजीला कोणी मालक नव्हता तीच आमच्या हक्काची होती.

चौथी वजडी. बोकडाचे मांस ज्यांना परवडायचे ते मांस न्यायचे, आमच्या वाट्याला वजडी यायची. अर्धा किलो वजडी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावी आणि सुरीने काळी साल खरवडून काढावी. मीठ-हळद चोळून चार-पाच पाण्यांनी धुवावी. यात आळस केला तर वास राहतो, आणि मग दोष वजडीला देऊ नये. लहान तुकडे करून हळद-मीठ घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या द्याव्यात. विस्तवावर भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले, लसूण यांचे वाटण तेलात परतून, काळा मसाला आणि तिखट घालून त्यात वजडी तिच्या पाण्यासकट ओतावी. झाकण ठेवून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावी. ज्वारीच्या भाकरीशिवाय हिला दुसरा जोडीदार नाही.

चार कृती झाल्या. पाचवी मला देता येत नाही आणि खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी हा लेख लिहिला. आमच्या आईचा येसर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ज्वारी किंवा बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धने, जिरे, मिरी, दगडफूल, सुके खोबरे, लाल मिरची असे भाजलेले जिन्नस घालून दळलेले पीठ म्हणजे येसर. भाजी नसली, डाळ नसली तरी पाण्याला लसणाची फोडणी देऊन दोन चमचे येसर लावला की आमटी तयार. घरात पाच पाहुणे अचानक आले तरी आमटी पुरायची. आई ते सगळे मुठीने मोजायची. तिची मूठ हेच माप. २००९ साली आई गेली आणि मूठही गेली. आम्ही बहीण-भावांनी तीनदा येसर करून पाहिला. एकदा कडू झाला, एकदा पिठूळ, तिसऱ्यांदा चांगला झाला, पण आईचा झाला नाही. अक्का म्हणाली, “तवा इचारलं असतं तर?” तेव्हा मी बटाट्याची भाजी खात होतो. विचारणार कोण?

आपल्या समाजात लिहिणारे कमी नाहीत. दया पवारांच्या ‘बलुतं’ला १९७८ साली सुरुवात धरली तरी पुढच्या पन्नास वर्षांत दलित आत्मकथनांनी भुकेचा जेवढा इतिहास लिहिला तेवढा मराठीत कोणी लिहिला नाही. पण भूक लिहिली, तशी भुकेवर आपल्या आयांनी शोधलेली उत्तरे मात्र वहीत उतरली नाहीत. मराठीतली बहुतेक पाककृतींची पुस्तके उघडून पाहा. उपासाचे पदार्थ, सणाचे पदार्थ, नैवेद्याचे पदार्थ पानोपानी सापडतील. वजडी आणि येसर शोधता शोधता दमाल. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तिका काढली. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न, त्यामागची जात आणि त्याच्या कृती एकाच पुस्तकात मांडल्या. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. हे मोठे काम आहे. पण एक पुस्तक आणि एक पुस्तिका एवढ्याने भागणार आहे का? कोकणातल्या आपल्या घरांचे काय? विदर्भातल्या, खानदेशातल्या घरांचे काय?

आपण लिहिले नाही तर दुसरे लिहितील, आणि नावही तेच ठेवतील. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणीला ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले. ज्या भाकरीमुळे शाळेत आपली मुले हिणवली गेली, ती आता रंगीत पाकिटात मॉलमध्ये विकली जाते. भाकरीला मान मिळाला, याचा आनंद आहे. पण ती थापणारे हात कुठे गेले? १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि केंद्रावर वाटलेली सुकडी यांवर आमची पोटे भरायची. मिलोची भाकरी थापताना तुटायची, म्हणून त्या बाया पीठ उकळत्या पाण्यात भिजवून मग थापायच्या. हे तंत्र त्यांना कोणत्या संस्थेने शिकवले नव्हते.

कोणी काय खावे, हे ठरवण्याचा अधिकार नेहमी वरून खाली येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश दिला, तरी आपल्या बायांनी शिजवलेले अन्न मुलांनी खाऊ नये म्हणून डबे घरून पाठवल्याच्या बातम्या देशभरातून येत राहिल्या. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी शासनाने बंद केला. लोकसहभागातून द्यावे, असे सांगितले. ज्या पोराच्या घरी अंडे शिजत नाही, त्याच्या गावचा लोकसहभाग तो कसला? अशा वेळी आपले ताट आपणच झाकून ठेवले, तर त्यावर बोलायचे कोणत्या तोंडाने?

दोन गोष्टी मात्र कृपा करून विसरू नका. पहिली, गरिबीचे गोडवे गाऊ नका. अंबाडीची भाजी चवदार होती, पण आई सर्वांत शेवटी जेवायची आणि कधी कधी तिच्यासाठी पातेल्यात फक्त खरवड उरायची. चव लिहाल तेव्हा तेही लिहा. दुसरी, ही जबाबदारी पुन्हा बायांवर ढकलू नका. सभेत समतेवर तासभर बोलणारा आपला कार्यकर्ता घरी गेल्यावर ताटाची वाट बघत बसतो. मीही बसलो. शेंगोळे वळायला मी साठीत शिकलो. पहिल्या वेळी पातेल्यात लगदा झाला, पण शिकलो.

स्पर्धेनंतर चार दिवसांनी शंभर पानी वही घेऊन मी त्या आजींच्या घरी गेलो. आधी त्यांना खरे वाटेना. “शेंगुळ्याचं काय लिवायचं असतं दादा?” मग बोलायला लागल्या तर दोन तास थांबल्या नाहीत. मी वर दिलेल्या कृतीत त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, ती इथे मुद्दाम देतो : हुलगे दळण्याआधी मंद आचेवर भाजून घ्यावेत, म्हणजे कच्चट वास जातो आणि पोटाला बाधत नाही. त्यांच्या कृतीखाली मी त्यांचे पूर्ण नाव लिहिले. ते पान त्यांनी नातीकडून दोनदा वाचून घेतले.

ती वही आता विहारात बुद्धमूर्तीशेजारच्या कपाटात ठेवली आहे. आतापर्यंत सतरा पाने भरली आहेत. पुढच्या स्पर्धेत सजावटीचा रकाना काढून तिथे ‘कोणाकडून शिकलात?’ हा रकाना ठेवायचे मंडळाने ठरवले आहे. प्रत्येक विहारात अशी एक वही ठेवायला पैसा लागत नाही. येत्या रविवारी आईजवळ, सासूजवळ, आजीजवळ बसा. मूठभर म्हणाली तर ती मूठ वाटीत ओतून मोजा. तिचे नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. उद्यावर टाकू नका.

आमच्या वहीतल्या एका पानावर मात्र फक्त मथळा आहे : येसर. खाली आईचे नाव आहे. मधली जागा मोकळी आहे. तुमच्या घरी अजून कोणाची मूठ शाबूत असेल, तर तिथून तरी सुरुवात करा.

जयभीम.